माहीमचं पाणी गोडं झालं ती रात्र

मराठीत 'गोडं पाणी' म्हटलं की कुणाला सरबत आठवत नाही. विहिरीचं, नदीचं, तळ्याचं, म्हणजे खारं नसलेलं पाणी ते गोडं. बाजारात मासळी घेतानाही आपण 'गोड्या पाण्यातला आहे का?' असं विचारतो, आणि त्या माशात साखर असेल अशी शंका कुणाला येत नाही. हिंदीतल्या 'मीठा पानी'चंही तेच. त्यात आणखी एक गंमत आहे. मराठीत मीठ म्हणजे लवण आणि हिंदीत मीठा म्हणजे गोड. या दोन भाषा बोलणाऱ्या शहरातून वाहणाऱ्या एका नदीचं नाव आहे मिठी. ती माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते.

ऑगस्ट २००६ मध्ये तिच्या मुखाशी जे घडलं ते मुंबईकरांना 'चमत्कार' म्हणून आठवतं, किंवा 'लोक काय वेडे असतात' म्हणून. मला त्यात वेड फारसं दिसत नाही. म्हणूनच ते प्रकरण नीट उलगडून पाहण्याजोगं वाटतं.

घडलं ते एवढंच

शुक्रवार, १८ ऑगस्ट २००६. रात्री माहीमच्या खाडीजवळ राहणाऱ्या काही लोकांनी सांगायला सुरुवात केली की समुद्राचं पाणी गोडं लागतंय. बातमी पसरली आणि हजारो माणसं किनाऱ्यावर जमली. पाणी चाखणारे होते, ओंजळीने पिणारे होते, घरच्यांसाठी बाटल्या भरून नेणारे होते. ज्या पाण्यात बाटल्या बुडत होत्या त्याच पाण्यावर प्लास्टिक आणि कचरा तरंगत होता. माहीमची खाडी देशातल्या अत्यंत प्रदूषित खाड्यांत मोडते. शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ मिठी तिथे आणून सोडते. नाक मुठीत धरून रेल्वेतून ती ओलांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

काही तासांतच गुजरातेत वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावरूनही तशीच वार्ता आली. तिथलंही पाणी गोडं झालं होतं.

मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी पाणी पिऊ नका असं आवाहन केलं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने इशारा दिला. महापालिकेने पाण्याची जिवाणू तपासणी करायला सांगितलं. गॅस्ट्रोची साथ उसळेल ही धास्ती होती, आणि मुंबईत ऑगस्टमध्ये ती धास्ती खरीच असते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आलेले लोक सांगू लागले की पाणी पुन्हा खारट लागतंय. प्रकरण संपलं. एक रात्र आणि वर थोडा दिवस.

पुरतं संपलंही नाही म्हणा. दोन-तीन दिवसांत, २०-२१ ऑगस्टला, उत्तर भारतातल्या देवळांतून मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी निघाली आणि ठिकठिकाणी चमचे पुढे झाले. त्याकडे नंतर येतो.

कुणाचं माहीम

ही गर्दी कुठल्या जमिनीवर जमली ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. माहीम हे मुंबईच्या जुन्या बेटांपैकी एक. चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान आणि सूफी मखदूम अली माहिमी यांचा दर्गा इथे, समुद्राला लागून. सेंट मायकेलचं चर्च इथे, जिथे बुधवारच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन उभी असतात. शीतलादेवीचं देऊळ इथे, आणि कोळीवाडाही इथेच. श्रद्धेपोटी रांगेत उभं राहणं ही इथली रोजची गोष्ट आहे. त्या रात्री काहींनी ती मखदूम बाबांची कृपा मानली, काहींनी नुसती देवाची करणी. गर्दी कुठल्या एका धर्माची नव्हती. आपल्याकडे असं क्वचित होतं, म्हणून तेही नोंदवून ठेवतो.

आणि काळ? वर्षभरापूर्वी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि ही मिठी नदी लोकांच्या घरांत शिरली होती. तोपर्यंत तिला नाला समजणाऱ्या अर्ध्या मुंबईला ती नदी आहे हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांतला एक स्फोट माहीमचा. म्हणजे पाणी गोडं झालं ते त्या संध्याकाळनंतर बरोबर अडतिसाव्या दिवशी.

या दोन गोष्टींमुळे लोक किनाऱ्यावर धावले असं मी म्हणणार नाही. तसं सिद्ध करता येणार नाही. पण ज्या वस्तीत वर्षभर पाण्याची आणि रेल्वेची बातमी आली ती वाईटच आली, तिथे शेजारी धावत येऊन काहीतरी चांगलं सांगतोय, फुकट सांगतोय, आणि पंधरा मिनिटांच्या अंतरावर दाखवतोही आहे, हे चित्र वगळूनही चालणार नाही.

पाणी खरंच बदललं होतं का?

माझं उत्तर: बहुतेक हो. आणि इथेच 'लोक वेडे' हा निकाल कोसळतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते जड असतं. एक घनमीटर गोडं पाणी १००० किलो भरतं, तर समुद्राचं सुमारे १०२५ किलो. नदीचं पाणी समुद्रात शिरलं की ते लगेच मिसळत नाही, वर तरंगतं. ढवळायला लाटा लागतात, भरती-ओहोटीची ओढ लागते. मिठीची लांबी जेमतेम अठरा किलोमीटर, पण पावसाळ्यात विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते सगळं पाणी तिच्यातूनच माहीमला येतं. महापालिकेनेही मिठीच्या गोड्या पाण्याचा लोंढा आला असावा असाच अंदाज दिला. आयआयटी मुंबईच्या भूशास्त्रज्ञांनी आणखी एक शक्यता मांडली: पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या खडकांत साठलेलं गोडं पाणी समुद्रात सुटलं असेल.

माझी एक भर. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ९ ऑगस्टला होती, अमावस्या २३ ला. म्हणजे १८ तारीख उधाणाच्या भरतीपासून लांब, भांगाच्या दिवसांत. भांगात समुद्र आळसावलेला असतो, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ढवळण कमी होते. वर आलेला गोड्या पाण्याचा थर मोडायला अशा दिवसांत वेळ लागतो. पावसाळ्यात खाडीचं पाणी निमखारं होतं यात कोळीवाड्याला नवल ते काय? तिथलं उत्तर साधं आहे: आलंय वरून.

तिथलचंही तेच असण्याची शक्यता आहे. त्याच महिन्यात तापीला महापूर येऊन सुरत बुडाली होती. वलसाडच्या उत्तरेला खंभातच्या आखातात अफाट गोडं पाणी ओतलं गेलं होतं. शिवाय वलसाडच्या आपल्या नद्या आहेतच. पण तिथे आधी पाणी बदललं आणि मग कुणी चाखलं, की माहीमची बातमी ऐकून चाखलं आणि मग ते बदललेलं लागलं? वार्ता इतक्या लगोलग आली की मला दुसरं अधिक संभवनीय वाटतं. समुद्राची चव रोज कोण घेतो? कुणीच नाही. त्यामुळे 'आज वेगळं लागतंय' हे वाक्य मुळात अडखळणारं आहे. कालचं कसं होतं हे कुणाच्याच जिभेला ठाऊक नाही.

जिभेची गोष्ट

आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाणी तेच, जीभ बदललेली. चवीचा अभ्यास करणाऱ्यांना हेही जुनं माहीत आहे की अगदी विरळ मिठाचं पाणी काही जणांना खारट न लागता किंचित गोडसर लागतं. आता माहीमच्या किनाऱ्यावरच्या माणसाची कल्पना करा. समुद्राचं पाणी तोंडात गेलं की कसं लागतं याची त्याला बालपणापासूनची आठवण आहे. घसा जळतो, थुंकावंसं वाटतं. तो त्या तयारीने ओंजळ तोंडाला लावतो आणि तसं काहीच होत नाही. पाणी मचूळ आहे, निमखारं आहे. अपेक्षेच्या मानाने मात्र ते गोड आहे.

घरी करून पाहता येतं. एका पेल्यात चमचाभर मीठ, दुसऱ्यात चिमूटभर. आधी पहिल्यातला घोट घ्या, थुंका, मग दुसऱ्यातला घ्या. मग तेच दोन पेले घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, पण देताना म्हणा, 'दुसरं थोडं गोड लागतंय ना?' त्या 'ना'मध्ये माझं अर्धं प्रकरण आहे.

याच 'ना'वर मुझफ्फर शेरिफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये काम प्रसिद्ध केलं. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका. अंधारात आधार नसल्यामुळे तो हलल्यासारखा दिसतो. डोळ्यांचा तो स्वभाव आहे. किती हलला, असं एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. पण तीच माणसं एकत्र बसून मोठ्याने उत्तरं देऊ लागली की आकडे हळूहळू एकमेकांकडे सरकत आणि काही वेळात गटाचा म्हणून एक आकडा ठरून जाई. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नसे. आणि नंतर ती माणसं पुन्हा एकटी बसली तरी गटाचाच आकडा सांगत. तो आता त्यांचा स्वतःचा झालेला असे.

सॉलोमन ॲशचा प्रयोग याहून प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये त्याने तो मांडला. तीन रेघांतली कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी, हे सांगायचं; उत्तर उघड. पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं सांगतात. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश वेळा माणसांनी डोळ्यांना दिसणारं सोडून गटाचं उत्तर दिलं, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. गर्दीबद्दल बोलताना लोक सर्रास ॲशचा दाखला देतात. माहीमला तो नीट लागू पडत नाही. ॲशच्या खोलीत माणसाला खरं काय ते दिसत होतं आणि तो ते गिळत होता. माहीमच्या किनाऱ्यावर खरं काय ते स्वच्छ कळण्याजोगं नव्हतंच. निमखाऱ्या पाण्याचा घोट म्हणजे शेरिफचा ठिपका. रात्रीची वेळ, जीभ गोंधळलेली, आणि शेजारचा अनोळखी माणूस म्हणतोय, 'मीठा है ना?'

इथे शब्द सटकला. 'खारं नाही' हे निरीक्षण होतं, आणि माझ्या मते ते पहिल्या माणसाचं खरं निरीक्षण असावं. त्याने त्यासाठी भाषेत होता तोच शब्द वापरला. मीठा. गोडं. पुढच्या माणसाने तो शब्द ऐकला आणि जिभेवर साखर शोधली. शोधली की थोडीफार सापडते.

खारट म्हणणारे कुठे गेले?

न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर स्टॅन्ली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. काही माणसं फुटपाथवर उभी राहून समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याकडे बघत राहिली. एकच माणूस बघत असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४ टक्के लोक त्याच्याजवळ थांबले. पंधरा जण बघत असतील तर ४० टक्के थांबले, आणि ८६ टक्क्यांनी निदान मान वर करून पाहिलं. वर पाहण्यासारखं काही नव्हतं. यात मूर्खपणा मला दिसत नाही. पंधरा माणसं वर बघतायत तर काहीतरी असेल, हा व्यवहारी अंदाज आहे, आणि रस्त्यावर तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. स्टेशनवर सगळे एकदम जिन्याकडे पळाले की आपणही पळतो. गाडीचा फलाट बदललेला असतो. तिथे 'मी स्वतंत्र विचार करीन' म्हणणाऱ्याची लोकल चुकते.

माहीमला हजारो माणसांनी पाणी चाखलं. त्यांत शेकड्यांनी तरी असे असणार ज्यांना ते सरळ खारट, मचूळ, घाण लागलं. त्यांचं काय झालं? ते तोंड वाकडं करून घरी गेले. घरी जाऊन त्यांनी नातेवाइकांना फोन करून कळवलं का, की 'अरे, समुद्राचं पाणी खारट आहे'? ही काय बातमी झाली! ज्यांना गोड लागलं त्यांनी मात्र फोन केले. २००६ मध्ये मोबाइल हातोहात पोहोचले होते, व्हॉट्सॲप नव्हतं; पण एसएमएस होता आणि हिंदी वृत्तवाहिन्या होत्या. मराठी वृत्तवाहिन्यांचं पीक पुढच्या वर्षापासून आलं, नाहीतर तेही थेट प्रक्षेपणात उतरलं असतं. म्हणजे किनाऱ्यावरून बाहेर जाणाऱ्या वाटेवर एक गाळणी बसली होती. 'गोड' त्यातून निसटून पुढे जात होतं, 'खारट' मागे राहत होतं. दादर, कुर्ला, मीरा रोडला बसलेल्या माणसाला फक्त एकाच बाजूचे साक्षीदार ऐकू येत होते. त्याने त्यावरून जो निष्कर्ष काढला तो त्याच्यापुरता चुकीचा नव्हता.

अर्थशास्त्रज्ञ याला माहितीचा धबधबा म्हणतात. १९९२ मध्ये बिखचंदानी, हिर्शलायफर आणि वेल्च या तिघांनी ते गणितात मांडलं: पहिल्या दोन-तीन माणसांनी एकाच दिशेने निवड केली की मागून येणाऱ्यांना स्वतःच्या अनुभवापेक्षा आधीच्यांची निवड जास्त वजनदार वाटते, आणि तिथून पुढे कुणाचाच स्वतःचा अनुभव साखळीत शिरत नाही. दहा हजार माणसं उभी असतात, पण साक्ष असते तिघा-चौघांची.

कळपाबद्दल आपण मेंढरांच्या भाषेत बोलतो. 'गतानुगतिको लोकः' म्हणून मोकळे होतो. गुस्ताव्ह ल बॉन या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये सांगितलं की गर्दीत शिरलेला माणूस संस्कृतीच्या काही पायऱ्या खाली उतरतो. मला तो माणूस फार उंचावर बसून लिहितो असं वाटतं. माहीमला कुणाची पायरी सुटली नव्हती. माणसं आपापल्या परीने पुरावा तपासायला आली होती, चाखून. प्रत्येकाने तपासलं. फक्त तपासण्याचे उलटे निकाल कुणी बोलून दाखवले नाहीत.

माझा चमचा

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांबद्दलचं होईल. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. दिल्लीहून पहाटे निघालेली बातमी दुपारपर्यंत देशभर, आणि परदेशातल्या देवळांपर्यंतही, पोहोचली होती की गणपती दूध पितोय. मी शाळेत होतो. आमच्या आळीतल्या देवळात रांग लागली आणि आजीने मलाही नेलं. मी चमचा सोंडेला लावला आणि दूध गेलं. खरंच गेलं. मागचे लोक 'गेलं, गेलं' म्हणाले.

मूर्तीच्या पोटावरून एक पातळ ओघळ खाली येत होता आणि पायाशी थारोळं साचलं होतं. माझी उंची तेव्हा बरोबर त्या पातळीची होती. मोठ्यांच्या नजरा सोंडेवर होत्या, माझी पायांवर. मी ते पाहिलं आणि काहीच बोललो नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. आजीचा चेहरा इतका उजळलेला होता की बोलण्याचा तो प्रसंगच नव्हता.

त्याच दिवशी केंद्राच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवून दिलं होतं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरतं. रंग घातला म्हणून तो ओघळ सगळ्यांना दिसला. आमच्या देवळात मला रंगाशिवाय दिसला होता. त्या रांगेत माझ्यासारखे किती होते, हे मला कधीच कळणार नाही. न बोललेल्यांची मोजदाद कुणी करत नाही.

२००६ च्या दुधाच्या दुसऱ्या फेरीकडे मी म्हणूनच वेगळ्या नजरेने पाहतो. लोकांना १९९५ आठवत होतं, त्याचा खुलासाही आठवत होता. आदल्या दोन दिवसांत समुद्राने काहीतरी केलंय हेही ताजं होतं. खुलासा स्मरणात असूनही चमचे पुढे झाले, कारण आपल्याला वाटतं तितकं खुलाशाचं आणि गर्दीचं भांडण नसतं. गर्दीत उभं राहायला पटावं लागत नाही. शेजाऱ्याला पटलंय असं वाटलं तरी पुरतं. शेजाऱ्यालाही आपल्याबद्दल तेच वाटत असतं.

सरकारने दिलेलं उत्तर

आता अधिकाऱ्यांच्या वागण्याकडे. मला त्यांची बाजू समजते. रात्रीत काही हजार माणसं सांडपाणी पिऊ लागली तर कुठल्याही अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येईल. पण त्यांनी दिलेलं उत्तर लोकांच्या प्रश्नाचं नव्हतं. लोक विचारत होते, पाणी गोडं झालंय की नाही? सरकार सांगत होतं, पाणी घाण आहे, पिऊ नका. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. घाण आणि तरीही गोडं, मग तर चमत्कार आणखी मोठा!

त्यात महापालिकेच्या अंदाजाने भर घातली. मिठीच्या गोड्या पाण्यामुळे प्रदूषण थोडं कमी झालं असेल, असं तिचं म्हणणं होतं. शास्त्र म्हणून ते ठीक असेल. रात्री बाटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाने त्यातलं काय उचललं असेल? पाणी खरंच बदललंय, आणि स्वच्छही झालंय. जिवाणू तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो. तोवर जिभेचा अहवाल दर सेकंदाला येत होता.

त्या किनाऱ्यावर काय चाललं असतं? मला वाटतं, क्षार मोजणारं एक साधं यंत्र, एक भोंगा, आणि दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचणारा एक माणूस. 'लिटरमागे इतके ग्रॅम मीठ.' पिऊ नका, देव नाही, विज्ञान आहे, यातलं काहीही न म्हणता. आकडा वाढत गेला असता तर लोकांच्या कानांदेखत वाढला असता. आणि त्या माणसाच्या शेजारी एखादा म्हातारा कोळी उभा राहून 'निमखारं आहे, दर पावसात होतं' म्हणाला असता, तर त्याचं वजन कुठल्याही मंडळाच्या इशाऱ्यापेक्षा जास्त पडलं असतं. कारण त्याने 'गोड' आणि 'खारट' यांच्या मधला शब्द दिला असता. गर्दीजवळ तो शब्द नव्हता.

ॲशचा प्रयोग इथे खरा कामाचा आहे, लोक सांगतात त्या भागासाठी नव्हे. खोलीत बरोबर उत्तर देणारा एकच साथीदार मिळाला की माणसांच्या चुका एक चतुर्थांशावर उतरत. आणखी पुढचं म्हणजे, वेगळं बोलणारा तो माणूस गटापेक्षाही जास्त चुकीचं बोलला तरी बाकीच्यांची जीभ सुटत असे. वेगळं बोलणाऱ्याने बरोबरच असलं पाहिजे असं नाही. सगळे एकच बोलत नाहीयेत, एवढं कळलं तरी दुसरा माणूस स्वतःच्या डोळ्यांकडे परत येतो.

खुलभर दूध

श्रावण चालू होता त्या दिवसांत. श्रावणी सोमवारी घरोघर वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी मला या प्रकरणाच्या शेजारी ठेवावीशी वाटते. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटते, घरातलं सगळं दूध देवळात आणा. सगळे आणतात, मुलांना-वासरांना न देता आणतात, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी मुलांना पाजते, वासरांना पाजते, लेकी-सुनांना देते, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन दुपारी निघते. तिच्या दुधाने गाभारा भरतो.

ही कहाणी आपण दयेची म्हणून ऐकतो. मला त्यात वेगळंच दिसतं. म्हातारी घरी बसली नाही. दवंडीला विरोध केला नाही, देवळात गेली, सगळ्यांसारखं दूधही घेऊन गेली. फक्त घरातून निघण्याआधी घरात काय आहे ते पाहून निघाली, आणि उशिरा पोहोचली. व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला गर्दीकडे पाठ करून उभा राहिलेला, थोडा तिरसट माणूस आठवतो. म्हातारी तशी नाही. ती गर्दीतच आहे, तासाभराने मागे.

माहीमला असे तासाभराने मागे असलेले लोक नक्कीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्यांनी 'खारट आहे' म्हटलं ते तेच. भरतीने पाणी ढवळलं असेल, थर मोडला असेल. पण उजेड होता, गर्दी पांगलेली होती आणि शेजारी 'ना?' विचारणारं कुणी उरलं नव्हतं, हेही आहेच. दोन्हींतलं किती कशामुळे, ते आता वेगळं काढता येणार नाही.

बाटल्या मात्र घरी गेल्या होत्या. माहीममध्ये, धारावीत, कुठे कुठे स्वयंपाकघरातल्या फळीवर, देवघराच्या कोपऱ्यात त्या रात्रीचं पाणी झाकण घट्ट लावून राहिलं असणार. चार दिवसांनी, घरात कुणी नसताना, कुणी तरी झाकण उघडून त्यातला एक थेंब बोटाने जिभेला लावून पाहिला असेल का? शेरिफच्या अंधाऱ्या खोलीतली माणसं एकटी बसवल्यावरही गटाचाच आकडा सांगत होती.

माझ्या आजीने शेवटपर्यंत सांगितलं की त्या दिवशी गणपती दूध प्यायला, नातवाच्या हातून. मी समोर बसून ऐकत असे, आणि कुणी माझ्याकडे बघितलं की मान डोलावत असे.